टांकसाळीतला पारखी

मार्च २०२५ मध्ये बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी रात्रीच्या वेळी शेते उजळू लागली. विजेऱ्या, कुदळी, चाळण्या आणि काहींच्या हातात मेटल डिटेक्टर, अशा सरंजामानिशी माणसे अंधारात माती उकरत होती. ‘छावा’ चित्रपट नुकताच गाजला होता, त्यात बऱ्हाणपूरच्या मोगली खजिन्याचा विषय होता, आणि इथल्या मातीत सोन्याच्या मोहरा सापडतात ही अफवा गावोगाव पोचली होती. खड्ड्याखड्ड्यांनी चाळण झालेल्या त्या शेतांची छायाचित्रे आपण सर्वांनीच पाहिली.

मला जुन्या नाण्यांचा नाद आहे. त्यामुळे कुणाच्या परसात, कुणाच्या विहिरीच्या गाळात किंवा आजीच्या फडताळात एखादे नाणे निघाले, की ते पाहायला माझ्याकडे येते. आणणाऱ्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, याचे किती येतील? दुसरा, हे चकचकीत कसे करायचे? अनेकदा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याने आधीच शोधलेले असते. चिंच, लिंबू, राख किंवा बाजारातली भांडी घासायची पूड लावून नाणे आरशासारखे लखलखीत केलेले असते आणि त्यावरची अक्षरे तांब्याच्या किसासह मोरीत वाहून गेलेली असतात. अशा वेळी मला हटकून एका माणसाची आठवण होते. धातूची शुद्धता तपासणे हाच त्याचा पोटापाण्याचा धंदा होता. जुनी नाणी वितळवणाऱ्या भट्टीशेजारी त्याने उमेदीची वर्षे काढली. आणि तरीही नाण्याची खरी किंमत त्यातल्या धातूत नसते, हे त्याच्याइतके लख्ख कुणाला उमगले नाही. त्याचे नाव जेम्स प्रिन्सेप.

शाळेच्या पुस्तकात हे नाव एका ओळीपुरते येते. अशोकाचे शिलालेख वाचणारा इंग्रज, एवढीच त्याची ओळख. पण शिलालेखापर्यंत तो पोचला तो नाण्यांच्या वाटेने, आणि नाण्यांपर्यंत पोचला तो टांकसाळीच्या दारातून. ही वाट समजल्याखेरीज तो माणूस समजत नाही.

२० ऑगस्ट १७९९ रोजी त्याचा जन्म झाला. वडील जॉन प्रिन्सेप यांनी हिंदुस्थानात निळीच्या धंद्यात पैसा मिळवला होता, पण इंग्लंडात परतल्यावर दिवस फिरले. घरात भावंडांची रांग. जेम्सचे बोट चित्रकलेत चालत असे, म्हणून त्याला वास्तुकला शिकायला पाठवले. मात्र डोळ्यांच्या दुखण्याने तो मार्ग बंद झाला. मग त्याने रसायनशास्त्राचे धडे घेतले आणि लंडनच्या शाही टांकसाळीत धातुपरीक्षेची उमेदवारी केली. पुढे आयुष्यभर ज्याला झिजलेली अक्षरे न्याहाळायची होती, त्याची सुरुवात अधू डोळ्यांपासून व्हावी, हा योगायोग विलक्षणच म्हणायचा. सप्टेंबर १८१९ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, कलकत्त्याच्या टांकसाळीत दुय्यम परीक्षक म्हणून तो रुजू झाला. त्याचे वरिष्ठ होते संस्कृतचे नामांकित पंडित होरेस हेमन विल्सन.

हा परीक्षक म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. मराठी मुलखात पोतदार हे काम करीत. सरकारी भरण्यात आलेला रुपया खरा की खोटा, चांदी किती, हीण किती, हे पारखायचे. त्या काळी हिंदुस्थानात शेकडो तऱ्हेचे रुपये चालत. आपल्याकडेच अंकुशी, चांदवडी असे कितीतरी. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी नेला की सराफ बट्टा कापून घेई. रुपया जुना झाला तरी बट्टा. त्यामुळे नाण्याचा कस काढणे हे राज्यकारभाराचे कळीचे काम होते.

कस काढण्याची रीत अशी. नाण्याचा छोटा तुकडा काटेकोर तोलायचा. तो शिशाच्या पत्र्यात गुंडाळून हाडांच्या राखेच्या वाटीत ठेवायचा आणि ती वाटी भट्टीत सरकवायची. शिसे वितळते, सोबत तांब्यासारखे हीण घेते आणि राखेच्या वाटीत मुरते. तळाशी शुद्ध चांदीचा लहानसा मणी उरतो. तो पुन्हा तोलला की आधीच्या आणि नंतरच्या वजनातला फरक म्हणजे हीण. साहजिकच या कामात तराजू आणि भट्टीचे तापमान यांना फार महत्त्व. प्रिन्सेपने स्वतः एक तराजू बनवला. ग्रेनच्या तीन हजाराव्या भागाचा फरक तो दाखवी. तोळ्याचे १८० ग्रेन धरले, तर एका तोळ्याचे साधारण साडेपाच लाख भाग करून त्यातला एक भाग मोजण्यासारखे हे काम होते. भट्टीची धग मोजण्यासाठी त्याने चांदी, सोने आणि प्लॅटिनम यांचे ठरावीक प्रमाणातले मिश्रधातू वापरले. कोणता तुकडा वितळला आणि कोणता टिकला, यावरून उष्णता ठरवायची. या कामावरचा त्याचा निबंध १८२८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला आणि त्याच वर्षी त्याला आपले सदस्यत्व दिले. तेव्हा तो तिशीच्याही आत होता.

या सुमारास त्याचा मुक्काम काशीला होता. १८२० ते १८३० अशी दहा वर्षे तिथल्या टांकसाळीचे काम त्याने पाहिले. पण नोकरीपुरते काम करून घरी बसणे त्याच्या स्वभावात नव्हते. त्याने शहराची खानेसुमारी केली, साचणारे पाणी गंगेत नेण्यासाठी जमिनीखालून मोरी बांधून घेतली, कर्मनाशा नदीवर पूल उभारला आणि औरंगजेबाच्या मशिदीचे कलते मिनार सावरले. घाट, देवळे, गल्ल्या आणि माणसे यांची त्याने काढलेली चित्रे पुढे छापून प्रसिद्ध झाली. आजही जुन्या काशीचे दर्शन घ्यायचे, तर ती चित्रे उघडावी लागतात.

जुन्या नाण्यांचा छंद त्याला लागला तो याच टांकसाळीच्या ओघात. परीक्षकाच्या मेजावर कुठकुठचे पैसे येऊन पडत. त्यांतली बहुतेक भट्टीत जायची. नियमच तसा होता. चांदीचा भाव चांदीला, तांब्याचा तांब्याला. पण काही नाण्यांवरची चिन्हे आणि अक्षरे अशी होती, की ती कोणत्या राजाची हे कुणालाच सांगता येत नव्हते. कस काढून चांदी किती ते कळे. राजा कोण, ते मात्र भट्टी सांगत नसे.

१८३० मध्ये काशीची टांकसाळ बंद झाली आणि तो कलकत्त्याला परतला. १८३२ मध्ये विल्सन यांची ऑक्सफर्डला संस्कृतच्या प्राध्यापकपदी निवड झाली. तेव्हा टांकसाळीतले मुख्य परीक्षकपद आणि एशियाटिक सोसायटीचे चिटणीसपद, दोन्ही प्रिन्सेपकडे आली. त्याच वर्षी त्याने सोसायटीचे मासिक सुरू केले. प्राचीन विद्येच्या इतिहासात त्या मासिकाला तोड नाही. प्रिन्सेप संस्कृतचा पंडित नव्हता आणि त्याने कधी तसा आवही आणला नाही. वाचनासाठी तो कमलाकांत विद्यालंकार यांच्यासारख्या शास्त्रीबुवांची मदत घेई. त्याचे बळ निराळ्या जागी होते. देशभरातले लष्करी अधिकारी, डॉक्टर, पाद्री, प्रवासी यांना तो पत्रे पाठवी. जे सापडेल ते कळवा, ठसे पाठवा, कुठे सापडले ते लिहा, असा त्याचा आग्रह असे. आलेल्या नाण्यांची चित्रे स्वतः काढून, त्यांचे ताम्रपट स्वतः कोरून तो मासिकात छापी. एकाचे नाणे सर्वांचे होई.

या पत्रांमुळे नाणी येऊ लागली. पंजाबात रणजितसिंहांच्या पदरी असलेल्या जनरल व्हेंच्युराने १८३० मध्ये माणिक्यालाचा स्तूप उकरला होता. त्यात निघालेली नाणी आणि करंडक प्रिन्सेपपाशी पोचले. जवळच्याच दुसऱ्या स्तूपात रणजितसिंहांचा फ्रेंच अधिकारी कोर्ट याला कुषाणांच्या नाण्यांसोबत रोमन चांदीची नाणी मिळाली. एकाच जागी दोन मुलखांची नाणी सापडली, की एकाच्या काळावरून दुसऱ्याचा काळ अजमावता येतो. हे एकत्र असणे हाच पुरावा. नाणी वेगवेगळी करून बाजारात विकली असती, तर पुरावा तिथेच संपला असता.

काबूलकडे चार्ल्स मॅसन नावाचा एक अवलिया फिरत होता. खरे नाव जेम्स लुईस. कंपनीच्या तोफखान्यातून १८२७ मध्ये तो पळाला होता आणि नाव बदलून भटकत होता. काबूलच्या उत्तरेला बेग्रामचे मोठे माळरान आहे. तिथे पावसाने माती धुपली की जुनी नाणी वर येत. गुराखी ती वेचत आणि काबूलच्या तांबटांना व टांकसाळीला तोलावर विकत. तिथे ती वितळून भांडी नि पैसे होत. किती पिढ्या हे चालले असेल, कोण जाणे. मॅसनने १८३३ पासून ती नाणी हजारोंनी विकत घेतली. या कामासाठी मुंबई सरकारने त्याला पैसा पुरवला. सापडलेल्या नाण्यांची त्याने काढलेली चित्रे आणि टिपणे प्रिन्सेपने आपल्या मासिकात छापली. तांबटाची मूस आणि इतिहास यांच्यामध्ये एक पळपुटा शिपाई उभा राहिला, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

या नाण्यांच्या एका बाजूला ग्रीक अक्षरे होती आणि दुसऱ्या बाजूला उजवीकडून डावीकडे जाणारी, कुणालाही न कळणारी लिपी. ग्रीक वाचता येत होते. मिनँडर, अपोलोडोटस, हर्मेयस ही राजांची नावे आणि त्यांच्या पदव्या त्यात होत्या. तेच नाव पाठीमागे असणार, हे आधी मॅसनच्या ध्यानात आले. प्रिन्सेपने तो धागा पकडला, नाण्यामागून नाणे ताडून पाहिले आणि एकेक अक्षर सोडवत नेले. अशा रीतीने खरोष्ठीचे कुलूप उघडू लागले. मॅसनचे ऋण त्याने मोकळेपणाने मान्य केले.

ब्राह्मीची गोष्ट याहून सुरस आहे. दिल्ली आणि अलाहाबादच्या स्तंभांवरची अक्षरे अनेकांनी उतरवून घेतली होती, पण ती वाचता येत नव्हती. प्रिन्सेप त्यावर वर्षानुवर्षे झुंजत होता. १८३७ मध्ये त्याच्या मेजावर एकाच वेळी दोन गोष्टी होत्या. एक, सौराष्ट्रातल्या क्षत्रपांची चांदीची छोटी नाणी. दुसरी, कॅप्टन स्मिथने पाठवलेले सांचीच्या स्तूपावरच्या त्रोटक लेखांचे ठसे. क्षत्रपांचे नाणे जेमतेम नखाएवढे. त्यावर ठोकायचा ठसा नाण्याहून मोठा असे, त्यामुळे कोणत्याच नाण्यावर पूर्ण मजकूर उमटत नसे. एकावर डावीकडची अक्षरे, दुसऱ्यावर उजवीकडची. दहा नाणी शेजारी ठेवावीत तेव्हा एक ओळ पुरी व्हावी. ती ओळ जुळवताना त्याला कळले, की नावाच्या शेवटी येणारे ‘स’ हे अक्षर षष्ठीचा प्रत्यय आहे. अमक्या राजाचे नाणे, असा त्याचा अर्थ.

तेच अक्षर त्याला सांचीच्या ठशांत दिसले. तिथले बहुतेक लेख दोन सारख्या अक्षरांवर संपत होते आणि त्यांच्या आधी हा ‘स’ होता. देवळात, घाटावर, स्तूपावर लहान लहान लेख कोण कोरतो? दान देणारा. अमक्याचे दान. म्हणजे ती शेवटची दोन अक्षरे ‘दानं’ असली पाहिजेत. द आणि न हाती आले, अनुस्वार हाती आला आणि मग पुढच्या काही दिवसांतच उरलेली वर्णमाला उलगडली. नखाएवढ्या नाण्यावरच्या एका प्रत्ययाने दोन हजार वर्षांचे मौन फोडले. ज्याने ती नाणी वितळवायची, त्यानेच ती वाचली.

स्तंभांवरचा देवानांपिय पियदसि राजा कोण, हा प्रश्न उरला होता. सिंहलद्वीपात नोकरीवर असलेल्या जॉर्ज टर्नर यांनी पाली ग्रंथांच्या आधाराने तो अशोक असल्याचे दाखवले. गिरनारच्या शिळेचा ठसा मुंबईतूनच गेला होता. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या पाद्री जॉन विल्सन यांच्यासाठी कॅप्टन लँगने तो कापडावर घेतला आणि तो प्रिन्सेपकडे रवाना झाला. त्यात अंतियोक, तुरमाय या ग्रीक राजांची नावे वाचून प्रिन्सेपने १८३८ मध्ये अशोकाचा काळ जगाच्या कालगणनेशी जोडून दिला.

आणि हे सारे चालू असताना टांकसाळीची नोकरी चालूच होती. १८३५ मध्ये कंपनीने सबंध मुलखासाठी एकच रुपया काढला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा. त्यात बारातले अकरा भाग चांदी. एकसारख्या नाण्याचा आग्रह धरणाऱ्यांत प्रिन्सेप पुढे होता. बट्ट्याच्या जाचातून सामान्य माणूस सुटला, हे खरेच. पण त्याच सुधारणेमुळे गावोगावचे जुने रुपये भट्टीत गेले, हेही तितकेच खरे. एका हाताने जुने नाणे मोडायचे आणि दुसऱ्या हाताने जपायचे, असे त्याचे दुहेरी जिणे होते. मला वाटते, या दुहेरीपणामुळेच तो इतक्या घाईने काम करीत असावा. आज हे नाणे पाहिले नाही, तर उद्या ते नसेल, हे त्याच्याइतके जवळून कुणी पाहिले होते?

शरीराने मात्र फार साथ दिली नाही. १८३५ मध्ये त्याचा विवाह झाला, १८३७ मध्ये मुलगी झाली. पुढच्याच वर्षी असह्य डोकेदुखी सुरू झाली. १८३८ च्या अखेरीस त्याला विलायतेच्या जहाजात बसवले. तिथे पोचेपर्यंत त्याची बुद्धी झाकोळली होती. २२ एप्रिल १८४० रोजी लंडनमध्ये तो वारला. वय अवघे चाळीस. हजारो वर्षांचे विसरलेले ज्याने आठवून दिले, त्याची स्वतःची स्मृती अशी विझावी, हे वाचताना मन विषण्ण होते. त्याचा तरुण मित्र अलेक्झांडर कनिंगहॅम याने पुढे तेच व्रत चालवले आणि १८६१ मध्ये पुरातत्त्व खात्याची धुरा घेतली.

प्रिन्सेपच्या कामाचे फळ आपल्या दारात कसे आले, ते सांगतो. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. एकूण १३,२५०. सारी क्षहरात राजा नहपानाची. एका बाजूला राजाचा मुखवटा नि ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. त्यातल्या दोन लिपी प्रिन्सेपच्या खटपटीमुळे वाचता आल्या. आणि नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांचे चैत्य! गौतमीपुत्राने क्षहरातांना उखडले, हे नाशिकच्या लेण्यातला लेख सांगतो. त्या विजयाची मोहोर हातात धरता येते ती या नाण्यांवर.

आता विचार करा. ती नाणी कुणी चिंचेने घासली असती तर? वरच्या शिक्क्याखाली दबलेला नहपानाचा पुसट चेहरा, नाकाची एक रेघ, ग्रीक अक्षराचा एक कोपरा, हे सारे केसाच्या जाडीचे उठाव असतात. आम्लाने आणि राखेने सर्वांत आधी जातात ते हेच. तांब्याच्या नाण्यावरचा घट्ट, गुळगुळीत हिरवा थर पुष्कळदा नाण्याचे रक्षण करतो. अक्षरे त्या थरातच टिकलेली असतात. थर ओरबाडला की अक्षर त्याच्यासोबत निघते. फिकट हिरवी, भुरभुरणारी पूड दिसली तर मात्र तो रोग समजावा. ते नाणे कोरडे ठेवून जाणकाराकडे द्यावे. सामान्य माणसाने फार तर ऊर्ध्वपातित पाण्यात नाणे भिजवावे, सुटी झालेली माती बांबूच्या काडीने हलकेच काढावी, मऊ कापडाने टिपावे आणि थांबावे. चांदीच्या नाण्याला आम्ल लावले, तर पृष्ठभागावरचे तांबे निघून जाते आणि नाणे होते त्याहून शुद्ध भासते. प्रिन्सेपसारख्या परीक्षकालाही ते चकवील.

मेटल डिटेक्टरची गोष्टही अशीच. त्याच्या वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते, धातूत सूक्ष्म प्रवाह उठतो आणि यंत्र किणकिणते. पुरातत्त्वज्ञांच्या हाती ते उत्तम साधन आहे. पण यंत्राला धातू कळतो, नाणे कळत नाही. मडके कोणत्या थरात होते, शेजारी कोणते खापर होते, किती नाणी एकत्र होती, हे त्याला ठाऊक नसते. रात्रीच्या घाईत उकरणाऱ्यालाही ते नको असते. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. पण कायद्याचा धाक हा शेवटचा उपाय. मुळात आपल्याला नाण्याकडे पाहायचे कसे, हा प्रश्न आहे.

कलकत्त्यात हुगळीच्या काठी १८४३ मध्ये बांधलेला प्रिन्सेप घाट आहे. पांढऱ्या खांबांची ती शांत वास्तू आज विद्यासागर सेतूच्या सावलीत उभी आहे. संध्याकाळी तिथे होड्या लागतात, जोडपी बसतात, भेळ खाल्ली जाते. त्यांतल्या कितीजणांना तो कोण होता हे माहीत असेल, याची चौकशी करण्यात अर्थ नाही. मात्र तुमच्या शेतात किंवा घराच्या पायात एखादे काळपट, हिरवट नाणे हाती लागले, तर त्या माणसासाठी एवढे करा. घासू नका. ज्या जागी सापडले ती जागा, खोली आणि सोबतच्या वस्तू कागदावर लिहा, छायाचित्र काढा आणि मग ते जाणत्याला दाखवा. सराफाकडे नंतरही जाता येईल.